साठ वेळा १ लिहून झालेली संख्या: तिचे अवयव कागदावर कसे काढायचे

देवगडच्या एका पालकांचा प्रश्न असा आहे. मुलगा दहावीत आहे. त्यानं वहीत ओळीनं साठ वेळा १ लिहिला आणि विचारलं, ही संख्या मूळ की संयुक्त? मोबाइलच्या कॅल्क्युलेटरनं १.१११ असं काहीतरी आणि पुढे ५९ दाखवलं. एक्सेलमध्ये घातली तर शेवटी शून्यंच शून्यं आली, मग हिला १० नं भाग जातो की काय? एक नातेवाईक म्हणाले, हिला दहा लाखांपेक्षा जास्त विभाजक आहेत. दुसऱ्यांनी सांगितलं, साठ अंकी संख्येचे अवयव महासंगणकाशिवाय निघतच नाहीत. यातलं खरं कोणाचं?

पहिल्या नातेवाइकांचं. विभाजक नेमके १०,४८,५७६ आहेत, आणि हे सांगायला महासंगणक लागत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं साठ अंकी कुठल्याही संख्येबद्दल असेल तर त्यात एकेकाळी तथ्य होतं, आज साधा संगणकही योग्य प्रणालीनं तशी संख्या फोडतो; आणि या संख्येला तर ते कधीच लागू नव्हतं. संख्या किती लांब आहे यापेक्षा ती कशी बनली आहे, यावर सगळं अवलंबून असतं. इथे तर साठच्या जागी एकोणसाठ एक घेतले तरी गणिताचा रंग पार बदलतो. त्याकडे नंतर येतो.

आधी यंत्रांचा घोळ निस्तरू. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं, उरलेल्या जागी शून्यं भरतं. तुमच्या मुलानं पाहिलेली शून्यं त्याच्या संख्येची नाहीतच. ती संख्या १ वर संपते, म्हणून २ आणि ५ नं भाग जाण्याचा प्रश्नच येत नाही. पायथन या संगणकाच्या भाषेतही हाच खड्डा आहे. साध्या एका तिरप्या रेघेनं भागाकार केलात तर उत्तर दशांश रूपात येतं आणि सोळा-सतरा अंकांनंतर सगळा कचरा असतो. १० चा २३ वा घात दशांश रूपात साठवून पुन्हा पूर्णांक करून पाहा, ९९९९९९९९९९९९९९९९१६११३९२ मिळतं. म्हणून १० चा ६० वा घात पूर्णांकच ठेवायचा, त्यातून १ वजा करायचा आणि दोन तिरप्या रेघांचा पूर्णांक भागाकार वापरून ९ नं भागायचं.

आता मूळ कामाकडे. देवगडला हे समजावणं सोपं आहे, कारण साठ म्हणजे पाच डझनांची पेटी. साठ एक ओळीत आहेत, त्यांचे बारा-बाराचे पाच गट पाडा. प्रत्येक गट म्हणजे बारा एकांची तीच संख्या, फक्त स्थान वेगळं. त्यामुळे बारा एकांच्या संख्येनं साठ एकांच्या संख्येला पूर्ण भाग जातो. गट दोन-दोनचे केलेत तर ११ नं भाग जातो, तीन-तीनचे केलेत तर १११ नं, पाच-पाचचे केलेत तर ११,१११ नं. म्हणजे ६० चा जो जो विभाजक आहे, तेवढ्या एकांची संख्या आपल्या मोठ्या संख्येचा विभाजक असते. संयुक्त आहे की नाही, हा प्रश्न इथेच संपला.

पण हे विभाजक एकमेकांत गुंतलेले आहेत. बारा एकांच्या आत सहा एक आहेत, त्यांच्या आत दोन आणि तीन. सरळ गुणाकार केला तर तेच अवयव पुन्हापुन्हा मोजले जातात, आणि मुलं हमखास इथेच चुकतात. म्हणून प्रत्येक लांबीनं नवीन काय आणलं तेवढंच वेगळं काढायचं. चार एकांत ११ आधीपासून आहे. १,१११ ला ११ नं भागलं की १०१ उरतं, तो चारचा नवा तुकडा. सहा एकांतून ११ आणि १११ काढले की ९१ उरतं, तो सहाचा.

६० चे विभाजक बारा: १, २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३०, ६०. लांबी १ चा तुकडा १ च, म्हणून काढायचे तुकडे अकरा. प्रत्येक तुकडा लांबलचक भागाकारानं काढायची गरज नाही. खरा भागाकार एकच करावा लागतो, पंधराचा: पंधरा एकांना १११ × ११,१११ म्हणजे १२,३३,३२१ नं भागा, ९,००,९०,९९१ येतं. बाकीचे दोन युक्त्यांनी निघतात.

पहिली युक्ती विषम लांबीवरून तिच्या दुपटीवर जाण्याची. तुकडा १० च्या घातांत मांडा आणि विषम घातांची चिन्हं उलटवा. १११ म्हणजे १०० + १० + १; चिन्ह उलटवलं की १०० − १० + १ = ९१, सहाचा तुकडा. ११,१११ वर हेच केलं की १०,००० − १,००० + १०० − १० + १ = ९,०९१, दहाचा तुकडा. पंधराचा तुकडा १० च्या घातांत आठवा − सातवा + पाचवा − चौथा + तिसरा − पहिला + १ असा मांडता येतो. विषम घातांची चिन्हं उलटवली की आठवा + सातवा − पाचवा − चौथा − तिसरा + पहिला + १, म्हणजे १०,९८,८९,०११, तीसचा तुकडा.

दुसरी युक्ती सम लांबीवरून दुपटीवर जाण्याची, आणि ती आणखी सोपी आहे. १० च्या जागी १०० ठेवा, म्हणजे प्रत्येक घात दुप्पट करा. दोनचा तुकडा १० + १, त्यावरून चारचा १०० + १. सहाच्या १०० − १० + १ वरून बाराचा १०,००० − १०० + १ = ९,९०१. दहाच्या तुकड्यावरून वीसचा ९,९०,०९,९०१. आणि तीसच्या तुकड्यावरून शेवटचा, साठचा: १००९९९८९८९९०००१०१. सतरा अंक. साठ अंकी डोंगरातला सगळ्यात मोठा दगड एवढाच.

पुढे जाण्याआधी पडताळा घ्या, नाहीतर एखादं चिन्ह चुकलेलं शेवटपर्यंत कळत नाही. शाळेतली नवाची कसोटी इथे छान चालते. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेलं, की २, ३, ४, ५ या लांबींच्या तुकड्यांतून अनुक्रमे २, ३, २, ५ मिळतात, आणि बाकी सगळ्या तुकड्यांतून १. गुणाकार ६०, त्याचा एक अंक ६. साठ एकांची बेरीजही ६०, म्हणजे ६. जुळलं. लांबी मूळ संख्या किंवा तिचा घात असेल तरच १ खेरीज दुसरं काही येऊ शकतं. म्हणून बाराच्या किंवा वीसच्या तुकड्यातून १ सोडून काही आलं, तर तो तुकडा पुन्हा काढा.

आता तुकडे फोडायचे. समजा, एखाद्या मूळ संख्येनं साठच्या तुकड्याला भाग जातो. मग १, १०, १००, १,००० अशा १० च्या घातांना तिनं भागत गेलं तर बाक्या साठ-साठच्या फेऱ्यात फिरतात. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की फेऱ्याची लांबी त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला पूर्ण भागते. म्हणून ती मूळ संख्या ६० च्या पटीत एक मिळवूनच मिळते: ६१, १८१, २४१ वगैरे. याला अपवाद एकच, खुद्द लांबीला भागणारी मूळ संख्या. तीनच्या तुकड्यात म्हणजे १११ मध्ये ३ येतो तो असाच.

या चाळणीनं काम किती हलकं होतं बघा. ११,१११ साठी फक्त १० च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या: ११ नाही, ३१ नाही, ४१ नं जातो, उरतात २७१. ९,०९१ चं वर्गमूळ ९५ च्या आसपास, म्हणून ११, ३१, ४१, ६१, ७१ एवढ्याच पाच पाहायच्या. एकीनंही जात नाही, म्हणजे मूळ. ९,९०१ साठी १३, ३७, ६१, ७३, ९७ या पाच, तीही मूळ. ९१ म्हणजे ७ × १३. पंधराच्या तुकड्याला पहिल्याच प्रयत्नात ३१ नं भाग जातो, उरतात २९,०६,१६१. तीसचा तुकडा ३१, ६१, १५१, १८१ ला दाद देत नाही, २११ ला देतो. उरलेले ५,२०,८०१ म्हणजे २४१ × २,१६१. वीसचा तुकडा मात्र चिवट आहे: ३,५४१ × २७,९६१. कागदावर करायचं तर पावसाळ्यातली एक अख्खी दुपार जाईल.

साठच्या तुकड्याला ६१ नं भाग जातो आणि १६५५७३६०४९०१६४१ उरतं. इथे कागद बाजूला ठेवा. पुढचा अवयव ४१,८८,९०१ आहे, म्हणजे ६० ची ६९,८१५ वी पट आणि एक. संगणकाला तेवढे भागाकार म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याएवढा वेळ. दुसरा अवयव ३,९५,२६,७४१. पण ४१,८८,९०१ मूळ आहे हे मात्र मुलाला हातानं सिद्ध करू द्या. वर्गमूळ २,०४६ च्या थोडं पुढे आहे. ६० च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या, तिथपर्यंतच्या संख्या ३४, आणि त्यातल्या मूळ फक्त १५. चाळीस लाखांवरची संख्या मूळ ठरवायला पंधरा भागाकार पुरतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला शिकवण्यासारखा भाग हाच आहे.

सगळे अवयव एकत्र: ३, ७, ११, १३, ३१, ३७, ४१, ६१, १०१, २११, २४१, २७१, २,१६१, ३,५४१, ९,०९१, ९,९०१, २७,९६१, २९,०६,१६१, ४१,८८,९०१ आणि ३,९५,२६,७४१. एकूण वीस, प्रत्येक एकदाच. विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ चा २० वा घात: १०,४८,५७६.

या यादीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती सहसा कोणी बघत नाही. प्रत्येक मूळ अवयवासाठी त्यात १ मिळवून त्याच अवयवानं भागा आणि सगळी उत्तरं गुणत जा: ४/३, ८/७, १२/११ असं. हा गुणाकार म्हणजे सर्व विभाजकांची बेरीज भागिले ती संख्या. १०१ पर्यंत तो १.९९५६ होतो, २११ चा वाटा पडला की २.००५१, आणि शेवटी साधारण २.०२३. तो २ च्या वर गेला याचा अर्थ, साठ एकांच्या या संख्येच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याहून मोठी आहे. सम संख्यांत हे नेहमीचं (१२ चंच बघा: १ + २ + ३ + ४ + ६ = १६), पण विषम संख्यांत विरळा; अशी सर्वांत लहान विषम संख्या ९४५ आहे.

दहावीच्या अभ्यासक्रमाशी धागा हवा असेल तर आवर्ती दशांश घ्या. ३ सोडला तर यादीतल्या प्रत्येक मूळ संख्येनं १ ला भागल्यावर जो आवर्ती गट येतो, त्याची लांबी म्हणजे ती ज्या तुकड्यातून आली त्याची लांबी. १/३७ चा गट ०२७, तीन अंकी. १/४१ चा ०२४३९, पाच अंकी. १/७ चा १४२८५७, सहा अंकी. आणि १/६१ चा गट पूर्ण ६० अंकी. मुलाला हा भागाकार हातानं करू द्या. एकसष्टाव्या पायरीला पहिलीच बाकी परत आली नाही तर मधे कुठेतरी चूक आहे.

नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांना इंग्रजीत रिपुनिट म्हणतात. आपल्याकडे डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या आणि पुढे देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी त्यांच्या वर्गांवर काम केलं आणि त्यांना डेम्लो संख्या हे नाव दिलं. १११ चा वर्ग १२३२१. नऊ एकांपर्यंत हा चढ-उतार सरळ राहतो, दहाव्याला हातचा येऊन १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो आणि ८ मधूनच गायब झाल्यासारखा दिसतो.

आता लांबी बदलली तर काय होतं, ते पाहू. लांबी मूळ संख्या असेल, तर गट पाडण्याची युक्ती चालत नाही, कारण पाडायला गटच नसतात. लांबी मूळ म्हणून संख्या मूळ, असंही नाही: पाच एक फुटलेले आपण पाहिलेच, सात एक म्हणजे २३९ × ४,६४९. २, १९, २३, ३१७ आणि १,०३१ एकांच्या संख्या मूळ आहेत. १,०३१ पर्यंत दुसरी एकही नाही.

६१ एक घ्या. अवयव ६१ च्या पटीत एक मिळवून आलेला आणि विषम असायला हवा, म्हणजेच १२२ च्या पटीत एक: १२३, २४५, ३६७, ४८९, ६११, ७३३. यातल्या मूळ फक्त ३६७ आणि ७३३. ३६७ नं भाग जात नाही. ७३३ साठी १० च्या घातांच्या बाक्या साध्या कॅल्क्युलेटरवर काढा. तिसऱ्या घाताची बाकी २६७. तिचा वर्ग ७१,२८९, म्हणून सहाव्याची १८८. पुन्हा वर्ग, बाराव्याची १६०. १६० × २६७ वरून पंधराव्याची २०६. तिचा वर्ग, तिसाव्याची ६५५. ही ७३३ ला ७८ कमी आहे, म्हणून ७८ चा वर्ग ६,०८४ घ्या, साठाव्याची २२०. एकसष्टाव्याची २,२०० मधून २,१९९ गेले, १. म्हणजे ७३३ नं ६१ एकांना पूर्ण भाग जातो. प्रत्येक पायरीला पूर्णांक भागाकार धरून गुणा आणि वजाबाकी करा. दशांशातला भाग ७३३ नं गुणून बाकी काढायला गेलात, की कॅल्क्युलेटरच्या शेवटच्या अंकाची चूक आत शिरते.

५९ एकांना हीच चाळणी लावलीत तर मात्र वय संपेल. त्या संख्येचे अवयव दोनच, आणि लहान अवयवच १३ अंकी आहे: २५५९६४७०३४३६१. ७१ एकांची संख्या तर १९८४ साली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत क्रे महासंगणकावर फोडली गेली. ३० अंकी २४१५७३१४२३९३६२७६७३५७६९५७४३९०४९ गुणिले एक ४१ अंकी संख्या, एवढंच उत्तर. तुमचे दुसरे नातेवाईक बहुधा अशाच संख्येबद्दल ऐकून असतील.

अवयव न सापडताही संख्या संयुक्त आहे हे सिद्ध करता येतं. २ चा ६७ वा घात वजा १ ही संयुक्त आहे हे गणितज्ञ ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं. तिचे अवयव मात्र गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये दिले. अवयवांशिवाय संयुक्त ठरवायची एक सोपी वाट म्हणजे फर्माची चाचणी: विषम संख्या मूळ असेल तर २ च्या, तिच्याहून एकानं कमी अशा घाताला तिनं भागल्यावर बाकी १ यायलाच हवी. ९१ साठी २ च्या नव्वदाव्या घाताची बाकी ६४ येते, म्हणून ९१ संयुक्त, ७ आणि १३ माहीत नसले तरी. पण आपल्या या संख्यांवर चाचणी लावताना २ च्या जागी १० घेऊ नका. एकांच्या संख्यांचे तुकडे १० च्या घातांतूनच जन्मलेले आहेत. साठचा तो सतरा अंकी तुकडा ६१ नं फुटतो, तरी १० घेतल्यावर बाकी १ च येते आणि तो मूळ असल्यासारखा भासतो. ९१ चंही तसंच, आणि तिथे तर ३ सुद्धा फसवतो.

मुलाला पुढचं काम द्यायचं तर तीन डझन, म्हणजे ३६ एक द्या. तुकडे त्याच युक्त्यांनी निघतात: नऊचा १०,०१,००१, त्यावरून अठराचा ९,९९,००१, त्यावरून छत्तीसचा ९९९९९९०००००१. तिथे दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. अंकांची बेरीज ३६, म्हणजे ९ नं भाग जातो; ३ हा अवयव एकदा तीनच्या तुकड्यातून येतो आणि दुसऱ्यांदा नऊच्या. म्हणून विभाजक मोजताना ३ साठी दोन नव्हे, तीन पर्याय धरायचे. उरलेले अवयव दहा, तेव्हा एकूण ३ × १,०२४ = ३,०७२. आणि छत्तीसच्या त्या बारा अंकी तुकड्याचे अवयव शोधत बसू नका. तो मूळ आहे, पण ते पडताळायला ३६ च्या पटीत एक मिळवून दहा लाखांपर्यंतच्या सत्तावीस हजारांवर संख्या तपासाव्या लागतात. ते काम पायथनला सांगा, दोन तिरप्या रेघांसकट.